नव्याच्या सणाचा स्वयंपाक: चिकाचा हलवा आणि त्याच्यासोबतचे ताट

यहुदी नववर्षाला हिब्रू भाषेत रोश हशाना म्हणतात, पण कोकणातल्या बेने इस्राएल (मराठी बोलणाऱ्या यहुदी) घरांत त्याचे जुने नाव ‘नव्याचा सण’ असे आहे. हा सण तिश्री महिन्याच्या पहिल्या दोन दिवशी येतो. हिब्रू महिने चंद्रावर चालतात, त्यामुळे तो नेहमी अमावास्येच्या लगत पडतो आणि बहुतेक वर्षी आपल्या पितृपक्षाच्या शेवटाशी किंवा नवरात्राच्या आरंभाशी जुळतो. २०२५ मध्ये तो २२ सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू झाला आणि त्याच दिवशी घटस्थापनाही होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे आपले सण पुढे सरकतात, म्हणून नव्याचा सण ११ सप्टेंबरच्या सूर्यास्ताला, म्हणजे गणेश चतुर्थीच्या तीन दिवस आधी येतो. हिब्रू गणनेने ते ५७८७ वे वर्ष असेल.

या सणाचा पदार्थ कोणता, असे कोणत्याही बेने इस्राएल माणसाला विचारले, मग तो अलिबागचा असो, ठाण्याचा असो किंवा इस्राएलमधल्या लोदचा, तर एकच उत्तर मिळते: हलवा. बाजारात मिळणारा किंवा गाजराचा हलवा त्याला अभिप्रेत नसतो. हा गव्हाच्या चिकाचा आणि नारळाच्या दुधाचा हलवा असतो. तो गुलाबी, थरथरता असतो आणि शंकरपाळ्यांसारख्या तिरक्या वड्यांत कापलेला असतो. या लेखात मुख्यतः त्याचीच कृती सविस्तर देत आहे. सोबत किद्दूशचे, म्हणजे जेवणाआधीच्या आशीर्वचनाचे, मनुक्यांचे सरबत, शुभचिन्हांचे ताट, डोक्यासकट मासा, नारळाच्या दुधातले मटण आणि सणामागून येणारी खीर यांच्याही कृती आहेत.

स्वयंपाकाला लागण्यापूर्वी

या स्वयंपाकाला दोन नियमांची चौकट आहे. ते नीट समजले की पुढचे सगळे आपोआप लक्षात येते.

पहिला नियम असा की मांस आणि दुभत्याचे पदार्थ एका जेवणात एकत्र येत नाहीत. सणाच्या जेवणात मटण असल्यामुळे त्या ताटात तूप, दही, खवा आणि गाईम्हशीचे दूध यांपैकी काहीही चालत नाही, आणि गोड पदार्थही त्याच जेवणात वाढायचा असल्यामुळे तोही दुभत्याविनाच असावा लागतो. कोकणात याचे उत्तर परसातच होते. नारळाचे दूध दिसायला दूध असले तरी धर्मदृष्ट्या ते फळाचाच रस आहे, म्हणून ते मटणातही चालते आणि हलव्यातही चालते. युरोपातल्या यहुदींनी हेच काम बदामाच्या दुधाकडून करून घेतले. सोळाव्या शतकातले पोलंडचे रब्बी (धर्मगुरू) मोशे इस्सेर्लेस यांनी तर असे सांगून ठेवले आहे की बदामाच्या दुधात मांस शिजवले, तर पाहणाऱ्याचा गैरसमज होऊ नये म्हणून भांड्याजवळ बदाम ठेवावेत. आमच्याकडे नारळाच्या करवंट्या ओट्यावरच पडलेल्या असतात, त्यामुळे तो प्रश्न येत नाही. फोडणीला तेलच वापरावे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना गावाने ‘शनिवार तेली’ म्हटले, त्या बेने इस्राएलांच्या स्वयंपाकात तुपाची उणीव कधी भासली नसावी.

दुसरा नियम वेळेचा आहे. सण सूर्यास्ताला लागतो. सणाच्या दिवशी आधीपासून पेटत असलेल्या विस्तवावर त्याच दिवसापुरते शिजवता येते, नवा विस्तव मात्र पेटवायचा नसतो. सणाचा दिवस शब्बाथवर, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र या काळात आला, तर ही सवलतही राहत नाही आणि सगळे शिजवणे शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी आटपावे लागते. २०२६ मध्ये नेमके तसेच आहे. मुंबईत त्या दिवशी सूर्यास्त सुमारे पावणेसातला आहे आणि मेणबत्त्या त्याच्याही काही मिनिटे आधी लावायच्या असतात. म्हणून माझ्या मते स्वयंपाकाची आखणी उलट्या क्रमाने, सूर्यास्तापासून मागे मोजत करावी.

त्या हिशेबाने गहू रविवारी, ६ सप्टेंबरच्या रात्री भिजत घालावेत, बुधवारी संध्याकाळी वाटावेत, रात्रभर चीक निवळू द्यावा आणि गुरुवारी सकाळी हलवा शिजवावा. गुरुवारी रात्री मनुका आणि चवळी भिजत घालावी. शुक्रवारी सकाळी मटण करावे, दुपारी सरबत आणि ताट सिद्ध करावे, आणि मासा अगदी शेवटी करावा. वेगळ्या वर्षी हा सण मंगळवारी आला, तर हेच वार त्याप्रमाणे मागे घ्यावेत.

चीक काढणे

ज्या घरात कुरडया होतात, त्या घरात चीक काय असतो हे सांगावे लागत नाही. हलव्याचा चीकही तोच असतो. फरक एवढाच की कुरडईच्या चिकात थोडा भुसा राहिला तर खपून जातो, हलव्यात मात्र तो खपत नाही, कारण इथे वडीतून प्रकाश आरपार दिसला पाहिजे.

अर्धा किलो चांगले निवडलेले अख्खे गहू घ्यावेत. ते दोनतीनदा धुऊन मोठ्या पातेल्यात घालावेत आणि गव्हाच्या वर चार बोटे पाणी राहील इतके पाणी ओतून झाकून ठेवावे. पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी बदलावे. सप्टेंबरची हवा दमट आणि उबदार असते, त्यामुळे दिवसातून एकदाच पाणी बदलण्याचा आळस इथे महागात पडतो. किंचित आंबूस वास येणे स्वाभाविक आहे, पण पाणी बुळबुळीत झाले किंवा कुजकट वास आला, तर ते गहू टाकून द्यावेत. तिसऱ्या दिवशी एक दाणा अंगठा आणि तर्जनी यांच्यात दाबून पाहावा. साल बोटात राहून पांढरा दुधाळ थेंब बाहेर आला की गहू वाटायला तयार झाले. आत अजून घट्ट कणी लागत असेल, तर आणखी अर्धा दिवस थांबावे.

भिजलेले गहू मिक्सरमध्ये थोडे थोडे, भरपूर पाणी घालून वाटावेत. फार बारीक वाटू नये, दाणा फुटून त्यातले दूध सुटणे एवढेच हवे असते. अगदी गंधासारखे वाटले तर भुशाची पूडही फडक्यातून खाली उतरते आणि हलवा मातकट दिसतो. वाटलेले मिश्रण स्वच्छ मलमलीच्या फडक्यात घेऊन मोठ्या पातेल्यावर पिळावे. उरलेला चोथा पुन्हा पाण्यात कालवून, चोळून पिळावा आणि हे एकूण तीनदा करावे. तिसऱ्या वेळी हातातला चोथा रबरासारखा चिवट लागू लागतो, कारण गव्हातले चिकट प्रथिन त्यातच अडकून राहते आणि खाली पातेल्यात जवळजवळ केवळ स्टार्चच उतरतो. शेवटी सगळे दूध दुहेरी फडक्यातून आणखी एकदा गाळून घ्यावे.

हे दूध उंच, सरळ बाजूंच्या पातेल्यात ओतून, झाकून, न हलवता दहाबारा तास ठेवावे. सकाळी पाहिले तर वर पिवळसर पाणी, त्याखाली तपकिरी झाक असलेला पातळ थर आणि अगदी तळाशी पांढराशुभ्र, दाट चीक असे तीन थर दिसतात. वरचे पाणी पातेले हळूहळू तिरके करून ओतून टाकावे. मधला तपकिरी थर डावाने अलगद खरवडून काढावा, कारण हलव्याचा रंग आणि वास बिघडवणारा हाच असतो. तळाचा चीक इतका घट्ट बसलेला असतो की बोटाने दाबले तर गच्च लागतो आणि बोट थांबवले की ओघळतो. हा चीक साधारण दोन वाट्या भरतो. इथे आणि पुढेही वाटी म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर समजावी.

एका वर्षी मी घाई केली आणि पाच तासांतच पाणी ओतून टाकले. चीक अजून खाली बसायचा होता. पाण्याबरोबर निम्मा चीक मोरीत गेला आणि मला त्याचा पत्ता हलवा थापल्यावर लागला. दुसऱ्या दिवशी सुरी घातली, तर ताटात वड्यांऐवजी गोड पिठले होते. ते आम्ही वाट्यांतून चमच्याने खाल्ले.

हलवा शिजवणे

दोन वाट्या चिकाला तीन मोठे नारळ, साडेतीन वाट्या साखर, चिमूटभर मीठ, दीड चमचा वेलचीपूड, पाव जायफळाची पूड आणि मूठभर बदाम-पिस्त्यांचे काप लागतात. रंगासाठी खाण्याचा लाल रंग अगदी थेंबभर घ्यावा. नारळ खरवडून, कोमट पाण्यात वाटून चार वाट्या पहिले दाट दूध काढावे आणि मग त्याच चोथ्यातून सहा वाट्या दुसरे पातळ दूध काढावे. दोन्ही दुधे गाळून घ्यावीत. वड्यांच्या ताटाला आधीच तेलाचा हात लावून ठेवावे, कारण हलवा झाल्यावर ताट शोधायला उसंत मिळत नाही.

जाड बुडाचे, पसरट आणि अपेक्षेपेक्षा मोठे पातेले घ्यावे. त्यात चीक आणि सगळे नारळाचे दूध थंडच असताना एकत्र करून गाठी मोडाव्यात. गरम दुधात चीक कधीही घालू नये. त्याचा प्रत्येक थेंब बाहेरून लगेच शिजतो, आत कच्चा राहतो आणि तशी झालेली गाठ पुढे कितीही ढवळली तरी मोडत नाही. मीठ घालून मध्यम आचेवर पातेले ठेवावे आणि पहिल्या मिनिटापासून लाकडी उलथन्याने ढवळत राहावे. उलथने तळाला खरवडत फिरले पाहिजे.

सुमारे वीस मिनिटांनी मिश्रण एकाएकी घट्ट होऊ लागते. आता आच कमी करून साखर दोन-तीन खेपांत घालावी. साखर पडताच मिश्रण पुन्हा सैल होते. ते पाहून घाबरू नये आणि वरून चीक किंवा कॉर्नफ्लोअर टाकण्याचा मोह आवरावा. साखर पाणी धरून ठेवते, म्हणून आधी स्टार्च फुगू द्यायचा आणि मगच साखर घालायची, हा क्रम पाळला तर हलवा कच्चट लागत नाही.

यापुढे दीड ते दोन तास केवळ ढवळण्याचे काम असते. जुन्या घरांत हे काम पाळीपाळीने होई, आणि आजही दोन-तीन माणसे हाताशी असल्याशिवाय मोठ्या पातेल्याचा हलवा मी कोणाला सुचवणार नाही. रंग साखर विरघळल्यावर घालावा. तो चमचाभर नारळाच्या दुधात कालवून घातला तर फिकट गुलाबी छटा येते. थेट थेंब टाकला तर एका जागी भडक पट्टा उठतो.

हलवा झाला हे ओळखण्याच्या खुणा एकामागून एक दिसतात. प्रथम मिश्रणाचा दुधी पांढरेपणा जाऊन ते काचेसारखे किंचित पारदर्शक होते. मग उलथने जड होते आणि त्याच्यामागे तळाची वाट क्षणभर उघडी राहते. शेवटी हलवा पातेल्याच्या कडा सोडून एकसंध गोळ्यासारखा फिरू लागतो आणि कडेला नारळाचे तेल चमकू लागते. खात्रीसाठी थंड पाण्याच्या वाटीत एक थेंब टाकावा. बोटांत त्याची गोळी वळली आणि ती बोटाला चिकटली नाही, तर गॅस बंद करून वेलची आणि जायफळ मिसळावे. दोन खुणा दिसूनही तिसरी दिसत नसेल, तर ढवळत राहावे. लवकर उतरवलेल्या हलव्याला नंतर उपाय नाही.

गरम हलवा लगेच ताटात ओतावा, तेल लावलेल्या वाटीच्या बुडाने दीड-दोन सेंटिमीटर जाडीचा सपाट करावा आणि वर काप पेरून ते हलकेच दाबावेत. झाकण लगेच ठेवू नये, वाफेचे पाणी वर पडून पृष्ठभाग चिकट होतो. चारपाच तासांनी झाकावे आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी, सुरीला तेल लावून, तिरक्या वड्या कापाव्यात. कडेला उरणारे त्रिकोणी तुकडे वेगळ्या डब्यात काढावेत. ते मुलांचे असतात आणि सण लागेपर्यंत टिकत नाहीत.

सप्टेंबरात हा हलवा बाहेर दोन दिवस आणि फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. फ्रिजमध्ये वडी टणक होते, म्हणून वाढण्यापूर्वी तासभर आधी बाहेर काढावी. प्रमाण ठरवताना घरापुरते मोजू नये. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात, याच तिश्रीच्या (बायबलच्या गणनेत सातव्या महिन्याच्या) पहिल्या दिवशी, लोकांना चांगलेचुंगले खाण्यास, गोड पिण्यास आणि ज्यांच्या घरी काही सिद्ध नसेल त्यांना वाटा पाठवण्यास सांगितले आहे. आमच्या घरी अर्धे ताट शेजारी जाते.

चीक काढणे शक्यच नसेल, तर कॉर्नफ्लोअरचा किंवा चायना ग्रासचा हलवा करतात. एक वाटी कॉर्नफ्लोअरला सहा वाट्या नारळाचे दूध आणि दोन ते अडीच वाट्या साखर घेऊन, वरच्याच रीतीने केला, तर तो पाऊण तासात होतो. त्याची वडी मऊ होते, पण चिकाच्या हलव्याची लवचीकता तिला येत नाही. चायना ग्रासचा हलवा थंडगार असतो, पण तो जेलीच्या वळणावर जातो. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून होते, म्हणून ते चालते. जिलेटिन मात्र प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनते, ते या स्वयंपाकात घेऊ नये.

मनुक्यांचे सरबत

जेवणाआधी किद्दूश द्राक्षरसावर म्हणतात. कोकणात द्राक्षाची दारू सहज मिळत नसे, म्हणून बेने इस्राएल घरांत मनुका भिजवून सरबत करण्याची रीत पडली आणि बाटल्या मिळू लागल्या तरी ती टिकून आहे. पाव किलो बियांच्या काळ्या मनुका स्वच्छ धुऊन एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात. सकाळी त्याच पाण्यात हाताने कुस्कराव्यात, दहा मिनिटे मंद उकळू द्याव्यात आणि गार झाल्यावर फडक्यातून घट्ट पिळून गाळाव्यात. साखर घालू नये. मनुका कमी पडल्या तर सरबत पाणचट होते, म्हणून प्रमाण वाढवले तरी चालेल, कमी करू नये.

शुभचिन्हांचे ताट

रात्रीच्या जेवणाच्या आरंभी काही पदार्थ चवीपुरते, प्रत्येकावर एकेक प्रार्थना म्हणून खातात. बाबिलोनी तालमूद या यहुदी धर्मग्रंथात अबाये या विद्वानाने वर्षारंभी पाच वस्तू सांगितल्या आहेत: करा, रुबिया, करती, सिल्का आणि तमरी. या वस्तूंमागे शब्दांचा खेळ आहे, म्हणून नावे ठाऊक असतील तर ताट मांडताना गोडी वाटते.

तमरी म्हणजे खजूर. ‘यित्तम्मू’, म्हणजे आमचा द्वेष करणारे संपोत, या शब्दाशी त्याचे नाव जुळते. खजूर उभा चिरून, आत कीड नाही हे पाहूनच ठेवावा. करा म्हणजे भोपळा. त्याच्या नावात ‘फाडणे’ आणि ‘वाचणे’ हे दोन्ही अर्थ निघतात, म्हणून वाईट निवाडा फाटो आणि आमचे पुण्य वाचले जावो, अशी प्रार्थना करतात. लाल भोपळ्याच्या फोडी वाफवून, थोड्या गुळात घोळवून ठेवल्या की पुरे. रुबिया म्हणजे बहुतेकांच्या मते चवळी, आणि ती ‘यिर्बू’, वाढोत, या शब्दाशी जुळते. रात्री भिजवलेली चवळी मीठ घालून, दाणा न फुटेल इतपत शिजवावी. राशी या मध्ययुगीन भाष्यकाराने मात्र रुबिया म्हणजे मेथी मानली आहे, तेव्हा मेथीची भाजी ठेवणाऱ्यालाही आधार आहे.

करती म्हणजे लीक. ते मिळाले नाही तर कांद्याची पात घ्यावी. सिल्का म्हणजे बीटाच्या जातीची पालेभाजी, तिच्यासाठी बीटाची कोवळी पाने तेलावर नुसती परतावीत. पहिलीचा अर्थ तुटणे, दुसरीचा दूर होणे. दोन्ही पालेभाज्या मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे बुडवून, मग एकेक पान उजेडासमोर धरून पाहावे, कारण कीटक खाणे निषिद्ध आहे आणि पावसाळी भाजीत ते हमखास असतात. डाळिंबाच्या दाण्यांइतकी आमची सत्कर्मे होवोत, अशी प्रार्थना डाळिंबावर असते. सफरचंद आणि मध युरोपीय यहुदींकडून सगळीकडे पसरले आहेत आणि आता आमच्या ताटातही कायमचे आहेत.

दुसऱ्या रात्री त्या हंगामात अजून न खाल्लेले नवे फळ खाऊन आशीर्वचन म्हणण्याची प्रथा आहे. महाराष्ट्रात यासाठी सीताफळाइतके सोयीचे दुसरे फळ नाही, ते नेमके त्याच दिवसांत बाजारात येऊ लागते. फक्त आधीच्या आठवड्यात मोह आवरावा लागतो.

भाकरीविषयी एक बारकावा आहे. जेवणाचे मुख्य आशीर्वचन पाच ठरावीक धान्यांच्या भाकरीवरच म्हटले जाते आणि त्यांत गहू आहे, तांदूळ नाही. म्हणून एरवी घरात तांदळाची भाकरी असली, तरी ताटात गव्हाच्या दोन अख्ख्या पोळ्या किंवा गोल पाव हवेत. पहिला घास मिठाऐवजी मधात बुडवतात.

डोक्यासकट मासा

‘आम्ही डोके होऊ, शेपूट नव्हे’ अशी प्रार्थना असल्यामुळे ताटात डोके लागते. काही घरे बकऱ्याचे डोके ठेवतात, कोकणी घरांना मासा सोपा जातो. ज्याला पर आणि सुटणारे खवले दोन्ही असतात, तोच मासा चालतो. रावस, पापलेट आणि बांगडा चालतात. कोळंबी, खेकडे, शिंपल्या, मोरी आणि शिंगाळा चालत नाहीत. मासळी बाजारात मासा सोलण्यापूर्वी, खवले असतानाच निवडावा.

एक किलो रावस डोक्यासकट घेऊन तुकड्यांना आणि डोक्याला हळद-मीठ लावून वीस मिनिटे ठेवावे. एक जुडी कोथिंबीर, सहा ते आठ हिरव्या मिरच्या, दहा लसूण पाकळ्या, इंचभर आले, चमचाभर जिरे आणि अर्धी वाटी ओले खोबरे बारीक वाटावे. तीन मोठे चमचे तेलात हे वाटण कच्चा वास जाईपर्यंत परतावे, दोन वाट्या पातळ नारळाचे दूध घालून उकळी आणावी आणि आधी डोके सोडावे. सहा-सात मिनिटांनी तुकडे सोडावेत आणि तितकाच वेळ शिजवावेत. उलथने घालू नये, पातेले दोन्ही हातांनी धरून गोल हलवावे. शेवटी एक वाटी दाट दूध घालून पहिल्या बुडबुड्याला गॅस बंद करावा. अनेक घरांत या सणाला आंबट टाळतात, म्हणून मी यात कोकम किंवा चिंच घालत नाही.

मासा आणि मांस एकत्र शिजवत नाहीत आणि एका बशीतही वाढत नाहीत. माशानंतर बशा बदलाव्यात आणि मधे पाव खाऊन पाणी प्यावे. शुक्रवारी संध्याकाळी सण लागत असेल, तर ही कढी मेणबत्त्यांच्या तासभर आधी करून, पातेले जाड टॉवेलांत गुंडाळून ठेवावे. मंद आचेवर ठेवली तर नारळाचे दूध फाटते.

नारळाच्या दुधातले मटण

मटण कोशेर हवे, म्हणजे विधिपूर्वक कापलेल्या आणि तपासलेल्या जनावराचे, शक्यतो पुढच्या भागाचे, कारण मागच्या भागातली मांडीची नस काढण्याचे काम जाणकाराचे असते. रक्त खाणे निषिद्ध असल्यामुळे मटण अर्धा तास पाण्यात भिजवून, जाड्या मिठात सर्व बाजूंनी घोळवून, उतरत्या फळीवर किंवा चाळणीत तासभर निथळत ठेवावे आणि मग तीनदा धुवावे. एवढे करूनही मांसात मीठ उरतेच, म्हणून रस्सा चाखल्याशिवाय वर मीठ घालू नये.

एक किलो मटणासाठी चार कांदे उभे चिरून पाच चमचे तेलात तांबूस होईपर्यंत परतावेत. त्यात दोन मोठे चमचे आले-लसूण वाटण, हळद, दोन चमचे लाल तिखट, चमचाभर गरम मसाला आणि दोन चिरलेले टोमॅटो घालून तेल सुटू द्यावे. मटण घालून दहा मिनिटे चांगले परतावे. दही लावून मुरवण्याची सवय इथे सोडावी लागते आणि ती उणीव हे परतणे भरून काढते. तीन वाट्या गरम पाणी घालून झाकण ठेवून सव्वा तास मंद शिजवावे, मग बटाट्याच्या मोठ्या फोडी घालाव्यात आणि त्या शिजल्यावर वाटीभर दाट नारळाचे दूध घालून उतरावे. दुसऱ्या दिवसाच्या जेवणासाठी पातेले झाकलेल्या मंद आचेवर रात्रभर ठेवायचे असेल, तर नारळाचे दूध वगळावे आणि बटाटे मोठे ठेवावेत. सोबत साधा भात पुरेसा होतो, कारण पुढे हलवा आहे.

खिरीच्या सणाची खीर

नव्याच्या सणानंतर, योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाआधी, बेने इस्राएल परंपरेत ‘खिरीचा सण’ येतो. नव्या पिकाचा तो सण असल्यामुळे जमले तर नवा तांदूळ घ्यावा, नाहीतर कोणताही वासाचा तांदूळ चालतो. वाटीभर तांदूळ अर्धा तास भिजवून, हाताने थोडे मोडून, दोन वाट्या पाणी आणि तीन वाट्या पातळ नारळाच्या दुधात अगदी मऊ शिजवावेत. मग वाटीभर चिरलेला गूळ आणि चिमूटभर मीठ घालावे. गूळ पूर्ण विरघळून एक उकळी आली की आच मंद करून दीड वाटी दाट दूध ओतावे, वेलची घालावी आणि खीर नुसती तापू द्यावी. दाट दूध घातल्यावर ती उकळली तर तेल वर येते आणि कण दिसू लागतात. खीर गार झाल्यावर घट्ट होते, म्हणून उतरवताना ती वाटते त्याहून थोडी पातळच असावी.